केलीव्हिलमधून इंग्लंडचा वारा

मी राहते सिडनीच्या केलीव्हिलमध्ये आणि वारा बघते इंग्लंडचा. ऐकणाऱ्याला हे विचित्र वाटतं. इथल्या देवळात एक बाई मला म्हणाल्या, "अहो, तुमच्या अंगणात काय कमी वारा आहे?" कमी नाही. ऑगस्टात पश्चिमेकडून असा वारा सुटतो की गेल्या वर्षी मागच्या शेजाऱ्यांचा ट्रॅम्पोलिन उडून आमच्या लिंबावर येऊन बसला. पण त्या वाऱ्याशी माझं काम नाही. वाळत घातलेले कपडे आत आणले की झालं. इंग्लंडच्या वाऱ्याशी माझं काम होतं, म्हणून मी तो बघत होते.

काम माझ्या धाकट्या मुलीचं. ती इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर एका लहान गावात राहते. ऑफिसातली नोकरी गेल्यावर दुसरी शोधायची सोडून तिने थालीपिठांचा स्टॉल काढला. मी फोनवर म्हणाले, "तुला जन्मात कधी गोल थालीपीठ जमलं नाही."

"इथे गोल कोण मागतंय, आई? इथे गरम मागतात."

हे मात्र खरं होतं. तिथल्या उन्हाळ्यात माणसं स्वेटर घालून आइस्क्रीम खातात.

त्या गावात समुद्राला लागून फरसबंद रस्ता आहे आणि त्यावर दर शनिवारी बाजार भरतो. बाजार चालवणारी एक इंग्रज बाई आहे. तिचा नियम असा की नव्या माणसाला पाच शनिवार अजमावून बघायचं. पाचही नीट पार पडले तर समुद्राकडच्या रांगेत कायमची जागा. नाही पडले तर नाव यादीच्या तळाशी, आणि ती यादी माझ्या वयाच्या बाईने वाट बघावी अशी नव्हे. धाकटीला ती जागा हवी होती. दुसरं काही तिच्या हातात नव्हतं.

आता थालीपिठात वारा कुठे आला, असं कोणी विचारेल. ज्याने उघड्यावर चूल पेटवली आहे तो विचारणार नाही. तिचा स्टॉल म्हणजे चार पायांचा तंबू, वर कापडाचं छत, खाली टेबल, टेबलावर गॅसची शेगडी आणि तवा. समुद्राकडून वारा आला की ज्योत आडवी झोपते. तवा तापतच नाही, थालीपीठ सुकतं पण भाजत नाही, आणि पुढे उभा असलेला गोरा माणूस घड्याळ बघतो. म्हणून वारा कुठल्या बाजूने येणार हे आधी कळलं तर त्या बाजूला कापडाची भिंत लावता येते. किती येणार हे कळलं तर तंबूच्या पायांना वाळूच्या किती पिशव्या बांधायच्या ते ठरवता येतं. फारच असेल तर शेगडी घरी ठेवून बटाट्याची भाजी भरलेल्या पोळ्या आणि लाडू न्यायचे. हे सगळं शुक्रवारी ठरवावं लागतं, कारण बाजारहाट शुक्रवारची.

पहिल्या शनिवारी ती नुसत्या आपल्या फोनवर विसंबली आणि दिवसभरात अकराच थालीपिठं भाजली. संध्याकाळी मला फोन करून म्हणाली, "आई, तू बघशील का वारा? माझा फोन एक सांगतो, शेजारच्या स्टॉलवाल्याचा दुसरंच सांगतो. तुला वाऱ्यातलं कळतं."

म्हातारीला कामाला लावायचा हा डाव आहे, हे मला समजत होतं. माझा मुलगा आणि सून दिवसभर कामावर, नात शाळेत, आणि मी टीव्हीसमोर. दोघा भावंडांत काहीतरी बोलणं झालं असणार. पण काम खरं होतं, आणि वाऱ्यातलं मला कळतं हेही खरं होतं.

मी चौथी शिकले. त्यातही मासळी वाळवायचे दिवस आले की शाळा बंद. आमचं गाव कोकणात समुद्राला लागून. सकाळी जमिनीवरून समुद्राकडे जाणारा मतलई वारा आणि दुपारनंतर समुद्राकडून येणारा खारा वारा, हे मला अक्षरं यायच्या आधी येत होतं. बोंबील दोरीवर टांगायचे तर कोरडा वारा हवा. वारा पडला की माश्या बसतात, दमट सुटला की माल खराब. नवरा मासेमारीच्या मचव्यावर होता. लग्न झाल्यावर दिवसाचा पहिला प्रश्न चहाचा नसायचा, वाऱ्याचा असायचा. तो गेल्यावर मुलाने मला इकडे आणलं, आणि केलीव्हिलला समुद्रच नाही.

धाकटीचं काम अंगावर आल्यावर नातीने मला तिच्या जुन्या फोनवर वारा दाखवणारं अॅप घालून दिलं. ती चौदा वर्षांची आहे. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि आमचं दोघींचं बरं चालतं. पडद्यावर एकेका तासाचा एकेक रकाना असतो. वर घड्याळ, खाली सूर्य, ढग किंवा चंद्राचं चित्र, त्याखाली बाण, त्याखाली दोन आकडे. पहिला आकडा वाऱ्याचा वेग. दुसरा गस्टचा, म्हणजे मधूनच बसणाऱ्या दणक्याचा. निळा रंग असला की निवांत, हिरवा ठीक, पिवळा आला की सांभाळून, आणि लाल आला की घरी बसा.

बाणाने मला आठवडाभर छळलं. बाण वारा जातो तिकडे तोंड करतो, आणि माणसं वारा येतो तिकडचं नाव घेतात. पहिल्यांदा मी उलटंच सांगितलं, आणि धाकटीने घरामागे तालीम म्हणून कापडाची भिंत लावली ती वाऱ्याच्या पाठीवर.

"आजी, द अॅरो इज व्हेअर इट्स गोइंग," नात म्हणाली.

"मग शेपटाकडे बघायचं, असं सांग ना."

"याह. लुक अॅट द टेल."

तेव्हापासून मी शेपूट बघते. वहीत लिहायलाही लागले. तारीख, दिशा, वेग, दणका, आणि दुसऱ्या दिवशी धाकटीला विचारून खरं काय झालं ते. महिनाभरात मला त्या गावाचा स्वभाव कळला. तिथला वारा बहुतेक वेळा नैऋत्येचा. म्हणजे समुद्राकडून, तिरका, ओला, सतत ढकलणारा. उत्तरेचा आला तर थंड पण सरळ. पूर्वेचा क्वचित येतो, पण आला की तीन-तीन दिवस हलत नाही, नको असलेल्या पाहुण्यासारखा. जे गाव मी डोळ्यांनी बघितलं नाही, त्याचा वारा मला आमच्या कोपऱ्यावरच्या बसपेक्षा जास्त माहीत झाला.

दर शुक्रवारी संध्याकाळी चहा झाला की मी निरोप बोलून पाठवायची. तिकडे तेव्हा शुक्रवारची सकाळ असते. "उद्या नैऋत्येचा. दहा ते चार हिरवा. दणके दुपारी. सहा पिशव्या बांध. शेगडी ने." मग शनिवारी दुपारी, तिच्या पहाटे, पुन्हा एकदा बघून काही बदललं असेल तर कळवायचं. दुसरा, तिसरा आणि चौथा शनिवार या पद्धतीने नीट गेला. चौथ्या शनिवारी पीठ संपलं. बाजाराची बाई स्वतः येऊन एक थालीपीठ खाऊन गेली आणि 'व्हेरी नाइस' म्हणाली. धाकटीने मला ते चार वेळा सांगितलं.

"जागा दिली का?"

"अजून एक शनिवार आहे, आई."

"मग व्हेरी नाइस कशाला सांगतेस? जागा दिली की सांग."

पाचव्या शनिवारच्या आधी, गुरुवारी, नातीला शाळेसाठी नवा टॅबलेट मिळाला आणि तिचा जुना माझ्याकडे आला. मोठा पडदा, मोठे आकडे. मला आनंद झाला. नातीने त्यावर तेच अॅप घातलं, धाकटीचं गाव शोधून दिलं आणि नेटबॉल खेळायला पळाली.

शुक्रवारी संध्याकाळी मी चष्मा लावून बसले. शनिवारचे रकाने इतके सुंदर मी कधी बघितले नव्हते. सकाळी दहापासून दुपारी चारपर्यंत निळा, नुसता निळा. वेग सात, आठ. संध्याकाळी सहा वाजता मात्र एकदम पिवळा, मग लाल. दणका अडतीसचा. पण सहाला ती घरी जाऊन आंघोळ करून बसलेली असते. एकच गोष्ट जरा वेगळी दिसली. दहाच्या रकान्यात सूर्याऐवजी चंद्र काढला होता. अकराला चंद्र, बारालाही चंद्र. धाकटी रोज रडत असते की इथे सूर्य दिसत नाही, दिवसा दिवे लावावे लागतात. मी म्हटलं, असेल बाबा इंग्लंड तसं.

निरोप बोलले, "उद्या वारा पडलेला आहे. दहा ते चार निळा. चार पिशव्या पुरे, उगाच कंबर मोडू नकोस. भिंत लावायची गरज नाही. पीठ जास्त भिजव. संध्याकाळी सहाला वादळी आहे, त्याआधी घरी जा."

तिचं उत्तर आलं, "आई, माझा फोन सकाळीच वारा दाखवतोय."

मी म्हणाले, "तुझ्या फोनचं ऐकून अकरा थालीपिठं भाजली होतीस."

तिने माझं ऐकलं.

शनिवारी सुनेच्या मैत्रिणीचं डोहाळजेवण होतं, त्यामुळे दुपारी पुन्हा बघणं राहून गेलं. परत येऊन मी साडी सोडते आहे तोच फोन वाजला. आमचे सहा वाजले होते. म्हणजे तिकडे सकाळचे नऊ. फोनमधून आधी नुसता फडफडाट ऐकू आला, मग धाकटीचा आवाज.

"आई! कसला निळा? कुठे आहे निळा?"

"काय झालं?"

"तंबू उचलतोय! मी पायाला धरून उभी आहे! चार पिशव्या सांगितल्यास ना तू!"

मी काही विचारत बसले नाही. "पाय सोड. छत काढ."

"काय?"

"वरचं कापड काढ आधी! कापड आहे तोवर तो उडणारच. शीड आहे ते. उतरव!"

"अगं पाऊस येतोय, पीठ—"

"पीठ गेलं खड्ड्यात. कापड काढ!"

नवऱ्याचं एक वाक्य होतं. वारा अंगावर आला की आधी शीड उतरवायचं, मग देवाचं नाव घ्यायचं. पुष्कळ लोक उलट क्रमाने करतात. फोन तिने टेबलावर टाकला असावा. मला खडखडाट ऐकू येत होता, इंग्रजीत ओरडणं, एक कुत्रं, आणि मग एक मोठा धाड आवाज. माझ्या मागे सून आणि नात येऊन उभ्या राहिल्या.

"तुझा का तंबू पडला?" मी फोनमध्ये ओरडले.

बऱ्याच वेळाने उत्तर आलं. "माझा नाही. शेजारच्याचा. त्याच्याच मेणबत्त्यांवर पडला." धापा टाकत होती. "माझा नुसता सांगाडा उरलाय. उभा आहे."

"लागलं कुणाला?"

"नाही. पण आई, ती बाई इकडेच येतेय. ठेवते."

फोन बंद झाला. नातीने टेबलावरचा माझा टॅबलेट घेतला, बोटाने दोनदा सरकवला आणि कपाळाला हात लावला. हे तिने माझ्याकडूनच उचललं आहे.

"आजी, धिस इज अवर टाइम."

"म्हणजे?"

"म्हणजे सिडनी टाइम. नॉट हर्स. जुन्या फोनवर मी चेंज केला होता. धिस वन, आय फरगॉट." घाबरली की तिला मराठी येतं. "सॉरी आजी."

मी पडद्याकडे बघितलं. सहाचा रकाना, लाल. आमचे सहा, तिचे नऊ. आणि तो सगळा सुंदर निळा म्हणजे तिकडची रात्र, धाकटी झोपलेली असतानाची. चंद्र तर ओरडून सांगत होता. मी नातीला काही बोलले नाही. घड्याळ तिने बदललं नाही ही तिची चूक, पण भर दुपारी बाराला चंद्र बघून गप्प बसले ती मी. आमच्या गावात अशा माणसाला होडीत घेत नसत.

सून म्हणाली, "आई, जाऊ द्या ना. होतं असं."

"होत नाही असं. मी केलं," मी म्हणाले आणि चहा टाकला.

तासाभराने धाकटीचा फोन आला. बाजार बंद केला होता. ती गाडीत बसली होती, काचेवर पाऊस बडवत होता. मी तिला आधी घड्याळाचं सांगून टाकलं. लपवून ठेवण्यासारखं काही नव्हतं. ती म्हणाली, "चंद्र, आई? सकाळी दहाला?"

"तूच सांगतेस ना, तिथे सूर्य नसतो."

"अगं पण चंद्र!"

"बाई काय म्हणाली ते सांग."

बाईने तिला चांगलंच झापलं होतं. असा अंदाज असताना चार पिशव्या घेऊन कोण येतं? बघितलं नाहीस का? धाकटी घाबरून खरं बोलून गेली की वारा माझी आई बघते. आई कुठे असते? ऑस्ट्रेलियात. बाई म्हणाली, "तुझी आई ऑस्ट्रेलियातून इथला वारा बघते, आणि तुला तुझ्या खिडकीबाहेर बघता येत नाही?"

"बरोबर बोलली," मी म्हणाले.

"तू माझ्या बाजूची आहेस का तिच्या?"

"जागेचं काय म्हणाली?"

धाकटीचा आवाज पडला. जागा मिळाली होती, पण समुद्राकडच्या रांगेतली नव्हे. बाई म्हणाली, तुझं खाणं चांगलं आहे, छतही तू वेळेवर उतरवलंस, पण तुला वारा सांभाळता येतो यावर माझा विश्वास नाही. रांगेत पुढे मी तुला उभी करणार नाही. सार्वजनिक संडासांच्या इमारतीमागे एक जागा रिकामी आहे. हवी तर घे, आणि सोमवारपर्यंत सांग.

"संडासामागे, आई. थालीपिठं. कोण खाणार? मी नाही म्हणणार आहे. पुन्हा यादीत नाव घालेन."

मला तिचा राग कळत होता. माझ्यामुळे तिची पुढची रांग गेली. माफी मागायची मला सवय नाही, आणि मागून तिला कुठे जागा मिळणार होती? मी वही काढली.

"ती इमारत कशी आहे? लांब आहे का?"

"असेल. विटांची. का?"

"तिचं तोंड समुद्राकडे, आणि तुझी जागा मागे, रस्त्याच्या बाजूला?"

"हो. समुद्र दिसतसुद्धा नाही."

"समुद्र दिसत नाही म्हणजे वारा लागत नाही, गाढवे. तुमच्याकडे वारा येतो कुठून? जवळजवळ दर शनिवारी नैऋत्येचा, सगळं लिहिलंय माझ्याकडे. ती अख्खी विटांची भिंत तुझ्या आणि त्याच्या मध्ये उभी आहे. पुढच्या रांगेतल्यांनी कितीही पिशव्या बांधल्या तरी असली भिंत त्यांना मिळायची नाही. तुझी ज्योत सरळ राहील."

"आणि लोक?"

"लोकांना कुठेतरी उभं राहून खायचं असतं ना? केस तोंडात न जाता?"

तिने गाडीचे वायपर चालू केल्याचं ऐकू आलं.

"आणि," मी म्हणाले, "त्या इमारतीत प्रत्येकाला एकदा तरी यावंच लागतं."

ती हसली. हसायचं नव्हतं तिला, पण हसली. म्हणाली, "आई, हे मी बाईला सांगू का?"

"नको. बाईला वाटू दे की तिने तुला शिक्षा केली. नाहीतर त्या जागेचं भाडं वाढवेल."

सोमवारी तिने हो कळवलं. पुढच्या शुक्रवारी मी निरोप पाठवला नाही. मला वाटलं, आता ती स्वतः बघेल. संध्याकाळी सात वाजता तिचाच निरोप आला, "वारा कुठे आहे माझा? आणि घड्याळ कुठलं ते आधी सांग." मी नातीला बोलावलं, तिने मला घड्याळ बदलायचं शिकवलं, माझ्याकडून तीनदा करून घेतलं, आणि मग मी बोलले. "इंग्लंडची वेळ. नैऋत्येचा, हिरवा, दुपारी पिवळा. सहा पिशव्या. दहाला ढगामागे सूर्य आहे, मी नीट बघितलं."

शनिवारी आमच्या रात्री साडेनऊला तिने व्हिडिओ लावला. तिकडे दुपारचे साडेबारा. मागे विटांची भिंत, तंबूचं छत जरासुद्धा हलत नव्हतं, आणि पुढे रांग. रांगेत पहिले दोघे पुढच्या रांगेतले स्टॉलवाले होते, एक मेणबत्त्यांचा आणि एक मासळीचा. दोघांची नाकं लाल. धाकटी तव्यावर थापत होती, एक थालीपीठ त्रिकोणी, एक कुठल्यातरी देशाच्या नकाशासारखं.

मी विचारलं, "वास येतो का गं?"

"येतो ना," ती वर न बघता म्हणाली. "कांद्याचा. पार समुद्रापर्यंत जातोय म्हणे. जा, ठेव आता, गर्दी आहे."